आधी वाटा काढावा

गेल्या काही काळात उत्पन्न वाढले, घराचे कर्ज फिटले आणि बऱ्याच वर्षांनंतर हाताशी थोडी शिल्लक राहू लागली. या शिल्लकीतून इतरांसाठी काही द्यावे अशी मनापासून इच्छा आहे. तरीही रक्कम ठरवायला बसले की हात आखडतो. आज त्या आखडणाऱ्या हाताचाच विचार करत बसले होते. माणसाला देणे जड जाते ते लोभामुळे, असे आपण सहज म्हणतो, परंतु मला स्वतःमध्ये लोभापेक्षा भीती अधिक दिसते. उद्या आजारपण आले तर, काम सुटले तर, म्हातारपणी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागले तर, या प्रश्नांना अंत नसतो. शिल्लक वाढल्याने ते कमी होतील अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात जपण्यासारखे काहीतरी हाती आल्यामुळे ते वाढलेच.

श्रद्धेचा संबंध मला इथे जाणवतो. सर्वच धर्मांनी दया शिकवली, हे खरे. पण दया मनाच्या लहरीवर चालते आणि भीती रोज हजर असते, हे ओळखून अनेक परंपरांनी देण्याचे प्रमाणच ठरवून टाकले, यात मला फार मोठे शहाणपण दिसते. यहुदी आणि ख्रिस्ती परंपरेत उत्पन्नाचा दहावा भाग, शिखांमध्ये त्याच प्रमाणात दसवंध, आणि इस्लाममध्ये जकात. जकातीची रचना मी पुन्हा एकदा समजून घेतली. ती मिळकतीवर न लागता साठ्यावर लागते: ठरावीक मर्यादेहून अधिक संपत्ती चांद्रवर्षभर आपल्याजवळ राहिली, तर तिचा अडीच टक्के भाग गरजूंचा हक्क म्हणून बाजूला काढायचा. म्हणजे भीतीपोटी जे आपण साठवून ठेवतो, नेमका त्यालाच हा नियम हात घालतो. शिवाय मर्यादेपेक्षा कमी असणाऱ्यावर हे बंधन नाही, त्यामुळे 'माझ्याजवळ पुरेसे आहे का' या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या त्याच्या धास्तीवर सोडलेले नाही. ते उत्तर बाहेरून मिळते. हे मला मोठे दिलासादायक वाटते.

अठराव्या शतकातील इंग्लंडमधील धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांच्याविषयी असे सांगतात, की तरुणपणी त्यांचे वार्षिक उत्पन्न ३० पौंड असताना ते २८ पौंडांत भागवत आणि २ पौंड देत. पुढे उत्पन्न ६०, ९०, १२० असे वाढत गेले, तरी खर्च २८ पौंडांवरच ठेवून उरलेले सगळे त्यांनी देऊन टाकले. मी तसे करू शकणार नाही. घर आहे, मुले आहेत, थकत चाललेले सासू-सासरे आहेत. परंतु राहणीमान आधी ठरले की वाढीव उत्पन्नाला वाट फुटते, हे त्यांचे गणित मला पूर्णपणे पटते. आमच्याकडे आजवर उलटे चालत आले: उत्पन्न वाढले की गरजा वाढायच्या, आणि मग इतरांसाठी काय उरते ते पाहायचे. अशा हिशेबात कधीच काही उरत नाही.

मात्र देण्याआधी मिळवण्याचाही विचार करावा लागतो. अमेरिकेतील पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी १८८९ मध्ये लेख लिहून श्रीमंतांनी आपली संपत्ती हयातीतच समाजासाठी खर्च करावी असे मांडले, आणि त्यांच्या पैशातून जगभर अडीच हजारांहून अधिक ग्रंथालये उभी राहिली. त्या ग्रंथालयांनी किती जणांचे आयुष्य बदलले असेल, याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण १८९२ मध्ये त्यांच्याच होमस्टेड येथील पोलाद कारखान्यात वेतनकपातीवरून संघर्ष पेटला आणि त्यात माणसे मेली, हेही विसरता येत नाही. ज्याच्या श्रमातून संपत्ती झाली त्याला त्याचे पूर्ण माप देणे हे दानाच्या आधीचे देणे आहे. माझा व्याप लहान आहे, पण माझ्या घरी आणि माझ्या हाताखाली काम करणाऱ्यांचे वेतन, त्यांची रजा, त्यांचे आजारपण या गोष्टी न्यायाने झाल्याखेरीज बाहेर देणगी देण्यात मला समाधान मिळणार नाही.

घेणाऱ्याचा मान हा तर सर्वांत नाजूक भाग. प्राचीन यहुदी धर्मशास्त्रात अशी आज्ञा आहे, की शेताच्या कडा कापू नयेत आणि गळलेली कणसे वेचू नयेत, ती गरीब आणि परक्यांसाठी राहू द्यावीत. मालकाने बोलावून हातावर काही ठेवायचे नाही. ज्याला गरज आहे त्याने स्वतः येऊन आपला भाग न्यायचा. बाराव्या शतकातील यहुदी विचारवंत मायमोनिडीस यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. देणाऱ्याला घेणारा आणि घेणाऱ्याला देणारा ठाऊक नसणे ही त्यांच्या मते फार वरची पायरी, आणि तिच्याही वर, समोरच्याला भागीदारी, कर्ज किंवा काम देऊन पुन्हा मागण्याची वेळच येऊ न देणे. माझ्या मनात देण्याबरोबर आभाराची अपेक्षा हळूच येते, म्हणून ही उतरंड मला समोर ठेवावीशी वाटते.

विनोबांची आठवण या संदर्भात आल्याशिवाय राहत नाही. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे रामचंद्र रेड्डी यांनी भूमिहीनांसाठी १०० एकर जमीन देऊ केली आणि तिथून भूदानाची पदयात्रा सुरू झाली. विनोबा लोकांकडे सहावा हिस्सा मागत. घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा, अशी त्यांची मागणी असे. मिळालेल्या जमिनीपैकी बरीचशी निकृष्ट होती, बरीचशी वाटलीच गेली नाही, आणि या अपयशाची चर्चा व्हायलाच हवी. तरीही त्या मागणीतला विचार मला आजही हलवून सोडतो, कारण त्यात भिक्षा नाही, वारसाहक्क आहे. घरच्या माणसाला वाटा देताना आपण उद्याची भीती मध्ये आणत नाही.

माझी स्वतःची श्रद्धा फारशी कर्मकांडाची नाही. पण जे मिळाले ते केवळ माझ्या कर्तृत्वाने मिळाले नाही, एवढे मी निश्चित मानते. धडधाकट शरीर, शिकवणारी माणसे, अडचणीच्या वेळी कुणीतरी टाकलेला शब्द, यांतले काहीही मी कमावलेले नव्हते. ज्याच्याकडून हे आले तो पुढेही मला अगदी वाऱ्यावर सोडणार नाही, या विश्वासावरच मी आता प्रमाण ठरवू पाहते आहे. सहावा हिस्सा आज झेपणार नाही. विसावा झेपेल, आणि तो महिन्याच्या शेवटी उरलेल्यातून न काढता पैसे येताच वेगळा करायचा, असे आम्ही दोघांनी आज ठरवले. तो कुणाला द्यायचा आणि मुलांसाठी किती राखायचे, हे अजून ठरायचे आहे. त्या बोलण्यात मुलांनाही बसवावे असे मला वाटते, कारण राखून ठेवलेले त्यांचेच आहे आणि दिलेलेही त्यांच्याच वाट्यातून जाणार आहे.