अर्बिल, आणि माझ्या सोफ्यावरची उशी

दुबईहून इराकच्या कुर्दिस्तानातल्या अर्बिलला चार दिवसांसाठी गेलो होतो. तीन दिवस डोंगर, धबधबे, कबाब, सगळं मस्त, पण लिहायला बसलेय ते शेवटच्या एका दिवसासाठी.

सकाळी किल्ल्यावर गेलो. २०१४ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे आणि आत एका जुन्या वाड्यात कुर्दिश टेक्स्टाइल म्युझियम आहे, २००४ मध्ये सुरू झालेलं. तिथे जाफ या कुर्दिश टोळीच्या पडश्या बघितल्या. अगदी आपल्याकडची पडशीच की, दोन पिशव्या एकमेकींना जोडलेल्या, जनावराच्या पाठीवर टाकायच्या. फक्त दर्शनी बाजू गालिच्यासारखी गाठी मारून विणलेली, शंकरपाळ्यांच्या नक्षीची, प्रत्येक शंकरपाळ्याला कडेने हुकासारखे वाकडे आकडे, आणि मागची बाजू साधी सतरंजीसारखी.

दुपारी खाली कैसरी बाजारात एका म्हाताऱ्या दुकानदाराने 'सर चाव' (म्हणजे 'या, या') म्हणत आत बोलावलं, चहा दिला आणि न मागता गालिचे उलगडत बसला. एका गालिच्यात मंजिष्ठेच्या मुळांचा लाल रंग मध्येच विटकरी होऊन पुन्हा गडद झालेला. मला वाटलं उन्हाने विटला असेल. त्याने लोकर बोटांनी फाकवून दाखवली तर तो पट्टा मुळापर्यंत तसाच विटकरी! लोकर थोडी थोडी करून रंगवायचे, प्रत्येक घाण्याचा रंग जरा वेगळा यायचा, त्याला अबरश म्हणतात. मला तर त्या गालिच्यात तेच सगळ्यात जास्त आवडलं.

आणि मग कोपऱ्यात उशांच्या अभ्र्यांचा ढीग दिसला. सगळे अभ्रे पडश्या कापून केलेले, जोडी तोडलेली. मागची बाजू कुठेय विचारलं तर त्याने हातानेच 'टाकून दिली' अशी खूण केली. मला खरंच राग आला, अख्खी पडशी भिंतीवर किती सुंदर दिसते, कापता कशाला? पण त्याच्यावर काय रागवणार, असलीच एक उशी मी दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन घेतलीय, बेज सोफ्यावर तो लाल काय उठून दिसतो म्हणून. तिच्या कडेला चिरा होत्या, फाटलंय समजून मी टेलरकडून शिवून घेतल्या. म्युझियममधल्या पडश्यांना अगदी तशाच चिरा होत्या, त्यांतून गोफाचे फासे ओवून तोंड बंद करायचं.

घरी आल्यावर बॅगा तशाच टाकल्या, कात्री घेतली आणि टेलरचे टाके उसवले. सहा चिरा निघाल्या. एकीत जुन्या गोफाचा निळा धागा अजून अडकलेला आहे.