एक चिठ्ठी आणि किलोभर ज्वारीचं पीठ: माझं नागपूर

इतवारीतल्या त्या गल्लीत मी लंबी रोटीच्या चुलीपासून दहा-बारा पावलं लांब उभी होते. चुलीवर पालथा मडका, मागे बसलेल्या काकू कणकेचा सैल गोळा या हातावरून त्या हातावर झुलवत होत्या. बघता बघता तो कोपरापर्यंत लांबला, रुमालासारखा पातळ झाला आणि त्यांनी अलगद मडक्यावर पसरला. इतकं सुंदर काम मी फार कमी वेळा पाहिलंय. पण भोवती गव्हाचं पीठ उडत होतं, म्हणून लांबूनच डोळे भरून पाहिलं.

मला सिलिअ‍ॅक आहे. सात वर्षांपूर्वी आधी रक्ताची टीटीजी चाचणी झाली, मग एंडोस्कोपी करून लहान आतड्याचा तुकडा तपासला आणि निदान पक्कं झालं. ही अ‍ॅलर्जी नाही. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखंच एक धान्य) यांतलं ग्लूटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की माझ्या शरीराची संरक्षणव्यवस्था माझ्याच आतड्यावर उलटते. आतड्याच्या अस्तरावर अन्नरस शोषणारे केसासारखे बारीक अंकुर असतात, ते झिजून सपाट होतात. यावर औषध नाही, आयुष्यभराचं पथ्य हाच उपाय. आणि "थोडंसं चालतं" असं यात काही नसतं. आपल्याकडे पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहायचं तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नसावं असा एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा नियम आहे. एका किलोत वीस मिलिग्रॅम! पोळपाटावर उरलेली कणीक याच्या कितीतरी पुढे जाते.

फेब्रुवारीत मावसभावाच्या लग्नासाठी चार दिवस नागपूरला जायचं ठरलं, तेव्हा आई काळजीत पडली. मला मात्र ओढ होती. विदर्भ हा ज्वारीचा मुलूख. भाकर, झुणका, वडाभात, गोळाभात, पाटोडी रस्सा, सगळी नावं ज्वारी, तांदूळ आणि डाळींची. कागदावर पाहिलं तर माझ्यासाठीच केलेला स्वयंपाक.

कागदावरचं आणि ताटातलं यांत फरक असतो, हे पहिल्याच रात्री कळलं. स्टेशनवरून येताना एका चांगल्या दिसणाऱ्या हॉटेलात जेवलो. वेटरला विचारलं, "भाकरी ज्वारीचीच ना?" तो म्हणाला, "हो ताई, प्युअर." मी खाल्ली. दोन तासांत पोटात मुरडा, रात्रभर उलट्या, पुढचा अख्खा दिवस अंगात त्राण नाही. मेंदी मी पलंगावरून ऐकली. भावाने जाऊन चौकशी केली, तेव्हा आतल्या माणसाने सहज सांगितलं की भाकर थापताना तुटते, म्हणून पिठात थोडी कणीक घालतात. वेटर खोटं बोलला असं मला वाटत नाही. त्याला ठाऊकच नव्हतं. चूक प्रश्नाची होती, आणि प्रश्न ज्याला विचारला त्याची निवडही चुकली होती.

म्हणून त्या दिवशी पडल्या पडल्या मी माझी जुनी चिठ्ठी नव्याने लिहिली, मराठीत एक आणि हिंदीत एक. त्यात ग्लूटेन हा शब्दच ठेवला नाही. "गव्हाचं पीठ, मैदा, रवा, शेवया, दलिया, जव यांतलं कणभरही पोटात गेलं तर मी आजारी पडते. कृपया स्वयंपाक करणाऱ्यांना विचारून सांगा: पिठात कणीक मिसळता का? तवा पोळीचाच आहे का? याच तेलात समोसे-कचोरी तळता का? हिंग कोणता?" हिंगाचं पुष्कळांना नवल वाटतं. बाजारातला बांधानी हिंग बहुतेक वेळा मैद्यात किंवा गव्हाच्या पिठात कालवलेला असतो. डाळीला फोडणी दिली की डाळही गेली. मी तांदळाच्या पिठातल्या हिंगाची डबी पर्समध्येच ठेवते.

तिसऱ्या दिवशी सकाळी भावाने तर्री पोह्याच्या गाडीवर नेलं. पोहे तांदळाचे, तर्री हरभऱ्याची, लालभडक, वर सांबार. (पुणेकरांसाठी: नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर. मी पहिल्यांदा दक्षिणेकडचं समजले होते.) गाडीवाल्या दादांनी चिठ्ठी शांतपणे वाचली, कढईकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई, तुम्ही नका खाऊ. पोहे चालतील, पण आलूबोंडा, समोसा सगळं याच झाऱ्याने काढून राहिलो मी. तर्रीतला हिंगही साधाच आहे." समोर गिऱ्हाईक उभं असताना त्याला परत पाठवायला धीर लागतो. त्यांनी बाजूच्या टोपलीतून दोन संत्री काढून माझ्या हातात दिली आणि पैसे घेतले नाहीत. मृगबहाराची संत्री होती ती, सोलताना बोटांना तेल लागत होतं. पथ्य लागल्यापासून जी माणसं मला "हो हो, चालेल" म्हणतात त्यांच्याकडे मी दोनदा विचारते. "नका खाऊ" म्हणणाऱ्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवते.

सांबारवडीचा मोह मी स्वतःच आवरला. बाहेरून बेसनाची दिसते, पण पारी फाटू नये म्हणून बहुतेक जण मैदा किंवा कणीक घालतात.

मग ती इतवारीतली संध्याकाळ. लंबी रोटीची गल्ली ओलांडून थोडं पुढे एक जुनं सावजी भोजनालय आहे. सावजी म्हणजे हलबा कोष्टी समाजाचं, विणकरांच्या घरांतून आलेलं जेवण. भाजलेल्या मसाल्याचा काळसर रस्सा, तिखट असं की कान गरम होतात. रस्सा दाट करायला काही ठिकाणी ज्वारीचं पीठ लावतात, म्हणून मला आशा होती. मालकांनी चिठ्ठी घेऊन काकूंना बाहेर बोलावलं. काकूंनी एकेक ओळ बोट ठेवून वाचली. "मसाला घरचा आहे, कांडून आणलेला. हिंग नाही पडत त्यात. रस्स्याला ज्वारीचं पीठ. पण पोरी, ते पीठ गिरणीतून येते. तिथं आधी गहू दळून राहिले की ज्वारी, मी काय सांगू?"

सात वर्षांत गिरणीचा मुद्दा माझ्याआधी कुणी काढल्याचं मला आठवत नाही. माझे डोळे भरून आले. मी पिशवीतून पुडा काढला. घरघंटीवर दळलेलं एक किलो ज्वारीचं पीठ, आमच्या घंटीत गहू कधी पडतच नाही. काकूंनी चिमूटभर बोटांत चोळून पाहिलं. "चांगलं बारीक आहे. पण आता नको. दिवसभराच्या पोळ्या झाल्यात, ओट्यावर सगळीकडे कणीक आहे. उद्या अकराला या. कणीक भिजवायच्या आधी तुझा रस्सा वेगळ्या गंजात करते आणि भाकर थापते. परात स्टीलची घेईन, लाकडाची नको."

दुसऱ्या दिवशी अकराला आम्ही पोहोचलो, तेव्हा त्या लोखंडी तवा राखेने घासत होत्या. मला जवळ बोलावून धुतलेली परात दाखवली, पालथी करून. मग माझ्याच पिठाचा गोळा मळला, हाताने थापला, तव्यावर टाकला, पाण्याचा हात फिरवला. उलटल्यावर भाकर टम्म फुगली. मटणाचा रस्सा, चिरलेला कांदा, लिंबू. मी तीन भाकरी खाल्ल्या. काकू समोरच्या बाकावर बसून होत्या आणि दर घासाला विचारत होत्या, "बरं वाटून राहिलं ना?"

संध्याकाळी गाडीत बसेपर्यंत, आणि रात्रभरही, पोट शांत होतं. उरलेल्या पिठाच्या चार भाकरी त्यांनी कोऱ्या कापडात बांधून दिल्या होत्या. अकोला सुटल्यावर मी गाठ सोडून पहिली भाकर खाल्ली.