पानाचा हिरवा रंग आणि हळदीचा पिवळा : वरुडच्या आमच्या स्टुडिओची वाटचाल

अमरावती जिल्ह्यातल्या वरुडच्या बसस्थानकाजवळ आमचा फोटो स्टुडिओ 1994 साली सुरू झाला, तेव्हा आमच्याकडे यशिका मॅट 124 जी हा एक जुना कॅमेरा, निगेटिव्ह मोठी करून छापणारा एक एन्लार्जर आणि लाल दिव्याची अंधारखोली एवढेच भांडवल होते. 120 च्या रोलवर 12 फोटो निघत, त्यामुळे बटण दाबण्याआधी मनात हिशेब करावा लागे. कृष्णधवल काम आम्ही स्वतः धूत असू आणि रंगीत रोल एसटीच्या पार्सलने अमरावतीच्या लॅबला जात. रंग लॅबवाल्याने ठरवायचा आणि ग्राहकाची नाराजी आम्ही ऐकायची, असा तो काळ होता. पुढे 2009 मध्ये निकॉन डी90 हा डिजिटल कॅमेरा घेतला, रोल बंद झाले आणि लॅबवाल्याची जागा कॅमेऱ्याने घेतली. रंग ठरवणारा अजूनही दुसराच कोणीतरी आहे, हे मात्र आमच्या लक्षात यायला सहा वर्षे लागली.

माझा भागीदार तेव्हा माझ्याबरोबर होता. अंधारखोलीत फिल्म धुण्याचे डी-76 चे द्रावण हाताच्या अंदाजाने करणारा तो कुशल माणूस होता आणि सुरुवातीच्या वर्षांत स्टुडिओ त्याच्या हातांवरच चालला, हे मी आजही नाकारत नाही. पण डिजिटलबाबत त्याचे एकच मत होते. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेले सगळे कच्चे ठेवणारी फाइल, कार्डात सुमारे 11 एमबी जागा खाते आणि जेपीईजी, म्हणजे कॅमेऱ्यानेच तयार करून दिलेला फोटो, निम्म्याच्या आसपास, मग दुप्पट कार्डे कशासाठी विकत घ्यायची? मलाही ते पटले आणि आम्ही सगळी लग्ने जेपीईजीमध्येच काढत राहिलो.

मे 2015 मधले ते लग्न मी विसरू शकत नाही. घर मोठे, पाहुणे मोर्शीपासून नागपूरपर्यंतचे आणि अल्बमची ऑर्डर त्या हंगामातली आमची सर्वांत मोठी. हळदीचा कार्यक्रम भर दुपारी लाल-पिवळ्या कापडाच्या मांडवात झाला आणि त्यात व्हिडिओवाल्याचे हॅलोजन दिवे सुरू होते. कापडातून झिरपणारा प्रकाश एका रंगाचा, हॅलोजनचा दुसऱ्या रंगाचा आणि त्याखाली हळदीने माखलेली माणसे. रंग भडक करणारे सेटिंग लावून आम्ही दीडशेहून अधिक फोटो काढले. रात्री संगणकावर उघडले तेव्हा नवरदेवाच्या गालावर, खांद्यावर, करवलीच्या हातावर हळद म्हणून केवळ एक सपाट पिवळा डाग होता. हळदीचे कण, बोटांचे ठसे, ओल्या लेपाची चमक यातले काहीही उरले नव्हते. लाल रंगाचा आकडा जिथे पाहावा तिथे 255 होता.

ज्यांनी हे काम केले आहे त्यांना 255 चा अर्थ सांगण्याची गरज नाही. जेपीईजीत प्रत्येक रंगाला 0 ते 255 अशा 256 पायऱ्या असतात आणि शेवटच्या पायरीवर पोचलेल्या ठिकाणी पुढची माहिती राहतच नाही. व्हाइट बॅलन्स (कोणत्याही प्रकाशात पांढरे पांढरेच दिसावे यासाठीचे सेटिंग), कॉन्ट्रास्ट, रंगांचा भडकपणा हे सगळे कॅमेरा स्वतः ठरवतो, फाइलमध्ये शिजवून टाकतो आणि उरलेले फेकून देतो. आम्ही फोटोशॉपमध्ये तीन रात्री घालवल्या. पिवळा उतरवला की चेहरे राखेसारखे होत, चेहरे सावरले की हळद केशरी होई. अल्बम गेला आणि चौथ्या दिवशी परत आला. वराच्या वडिलांनी उरलेली रक्कम दिली नाही आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. पण त्यांच्या नात्यातली त्या हंगामातली पुढची चार लग्नेही गेली, दुकानाचे भाडे दोन महिने थकले आणि ऑगस्टमध्ये माझा भागीदार वेगळा झाला.

तो वेगळा झाला याचे मला दुःख नाही. ग्राहकांची वही तो घेऊन गेला आणि त्याच रस्त्यावर त्याने दुकान थाटले, याचे आहे. त्या वहीत 21 वर्षांची नावे, लग्नांच्या तारखा आणि कोणत्या घरात आता कोणाचे लग्न होणार याच्या नोंदी होत्या. पुढच्या वर्षी मी रॉ काढायला लागलो तेव्हा ग्राहक सवयीप्रमाणे लगेच स्क्रीनवर फोटो पाहायला मागत. रॉ फाइल प्रक्रिया न करता उघडली की फिकी आणि मळकट दिसते, हे धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. माझ्या जुन्या भागीदारालाही ते ठाऊक होते आणि तरीही तो गावभर सांगत फिरला की आमचा कॅमेरा खराब झाला आहे. तेव्हापासून माझा नियम आहे की प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत ग्राहकाला एकही रॉ दाखवायची नाही, आणि नव्याने स्टुडिओ टाकणाऱ्या मुलांनीही तो पाळावा.

त्या वर्षात दुकानाचे शटर रोज उघडले ते एका माणसामुळे. शेंदुरजनाघाटचे एक नर्सरीवाले काका आमच्याकडून संत्र्याच्या कलमांचे आणि बागेचे फोटो काढून घेत. एकदा त्यांनी आजारी झाडाच्या पानांचे फोटो काढायला सांगितले, कारण ते कृषी सल्लागाराला दाखवायचे होते. जस्ताची कमतरता असली की पानाच्या शिरा हिरव्या राहतात, मधला भाग पिवळा पडतो आणि नवी पाने लहान येतात. मी प्रिंट हातात दिली. त्यांनी ती खिडकीशी धरली, खिशातून खरे पान काढून शेजारी ठेवले आणि शांतपणे म्हणाले, "भाऊ, पान हिरवंगार दिसून राहिलं, पण हे हिरवं माह्या बागेतलं नाही. अशानं रोग कसा समजन?" पान देखणे दिसावे म्हणून लावलेल्या रंगाने रोगच झाकून टाकला होता. हळदीचा पिवळा आणि पानाचा हिरवा ही एकच चूक आहे, हे मला त्या दुपारी समजले.

अमरावतीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या माझ्या पुतणीने दिवाळीच्या सुट्टीत रॉथेरपी हे रॉ फाइलींवर काम करायचे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर टाकून दिले. महिन्याला पैसे भरायचे सॉफ्टवेअर परवडत नव्हते आणि चोरीची सीडी पुन्हा वापरायची नाही असे मी ठरवले होते. पहिले काही महिने मी त्यात अक्षरशः हरवलो होतो. मार्ग सापडला तो कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा सेन्सर समजून घेतल्यावर. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी 1976 मध्ये पेटंट मिळवलेल्या मांडणीत सेन्सरवरच्या निम्म्या चौकटी हिरव्या, पाव लाल आणि पाव निळ्या असतात. प्रत्येक चौकट एकच रंग मोजते आणि उरलेले दोन रंग शेजारच्या चौकटींवरून सॉफ्टवेअर काढते. म्हणजे रॉ हा अजून फोटो झालेलाच नसतो, ती मोजणी असते. व्हाइट बॅलन्स त्यात फक्त टिपण म्हणून लिहिलेला असतो, त्यामुळे तो नंतर हवा तसा बदलता येतो.

दुसरी गोष्ट पायऱ्यांची. डी90 च्या रॉमध्ये 12 बिट, म्हणजे 4096 पायऱ्या असतात आणि त्यांतल्या 2048 एकट्या सर्वांत उजळ स्टॉपला मिळतात (एक स्टॉप खाली म्हणजे प्रकाश निम्मा), त्याखालच्या स्टॉपला 1024, त्याखाली 512 आणि असेच पुढे. म्हणून काळोखात काढलेला फोटो नंतर उजळवला की दाणे दिसू लागतात. हायलाइट, म्हणजे सर्वांत उजळ भाग, जाणार नाही इतपत, पण शक्य तेवढा उजळ फोटो काढायचा आणि नंतर खाली आणायचा, ही सवय लागायला मला एक पूर्ण हंगाम लागला. अंधारखोलीत वाढलेल्या माणसाला हे उलटे वाटते, कारण निगेटिव्हमध्ये जपायची असते ती सावली.

डिसेंबर 2017 मध्ये डार्कटेबल हे रॉथेरपीसारखेच दुसरे मोफत सॉफ्टवेअर विंडोजवर आले आणि पुढच्या वर्षी मी त्याकडे वळलो. त्याची मोड्यूले, म्हणजे एकेका कामाची वेगळी साधने, आधी डोके फिरवतात, पण प्रत्येक बदल मूळ फाइलला हात न लावता शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहिला जातो, हे मला फार आवडले. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये लग्ने थांबली तेव्हा मी फिल्मिक आरजीबी हे मोड्यूल घेऊन बसलो. कॅमेऱ्याने मोजलेला प्रकाशाचा मोठा पल्ला कागदाच्या छोट्या पल्ल्यात कसा बसवायचा, हे त्यात हाताने ठरवता येते. हळदीचे फोटो मी आता आधी लाल वाहिनी, म्हणजे लाल रंगाचे आकडे, पाहून उतरवतो आणि फक्त पिवळा भाग निवडणारा मास्क लावून भडकपणा फक्त तिथेच कमी करतो. चेहऱ्याला हात लावत नाही. सावळ्या नवरीला गोरी करून देणारे आमच्या रस्त्यावर आहेत आणि त्यांची गर्दीही मोठी आहे, पण स्वतःच्या मुलीचा चेहरा आईला अल्बममध्ये ओळखता आला पाहिजे, यावर मी ठाम आहे.

कोणी विचारले नसले तरी सांगतो, पैसे आधी लेन्सवर घालू नका. संगणकामागची भिंत करडी रंगवा, पडद्याची चमक कमी ठेवा, मॉनिटर कॅलिब्रेट करून, म्हणजे त्याचे रंग मोजून बरोबर लावून घ्या आणि लोडशेडिंगसाठी यूपीएस लावा. ज्यावरून नंतर व्हाइट बॅलन्स घेता येतो ते करडे कार्ड माझ्या शर्टाच्या खिशात असते आणि प्रत्येक मांडवात, प्रत्येक बागेत पहिला फोटो त्याचा निघतो. रॉ दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि त्यातली एक दुकानात ठेवू नका. तयार प्रीसेटच्या, म्हणजे दुसऱ्याने आधीच ठरवलेल्या सेटिंगच्या, सीड्या विकत घेणाऱ्यांना मी एवढेच विचारतो की तो प्रीसेट बनवणाऱ्याने तुमच्या मांडवाचे कापड पाहिले होते का.

नर्सरीवाले काका आजही संत्र्याच्या आंबिया आणि मृग या दोन्ही बहारांत येतात, खिशात पान घेऊनच. ते पान पडद्याच्या शेजारी धरतात, मी एक्स्पोजर सरकवतो, व्हाइट बॅलन्स करड्या कार्डावरून घेतो आणि ते मान हलवेपर्यंत थांबतो.

मे 2015 मधला तो नवरदेव 2022 मध्ये मुलीच्या जावळाचे फोटो काढायला आमच्याकडेच आला. काम झाल्यावर त्याने जरा संकोचाने विचारले, "भाऊ, ते हळदीचे फोटो आता नीट होतील का? तुमच्याकडं नवं सॉफ्टवेअर आहे म्हणतात." त्या फाइली मी कधीच पुसल्या नव्हत्या. त्याच्यासमोर एक उघडली आणि गालावर, खांद्यावर, हातावर माउस फिरवत लालचा आकडा दाखवत गेलो. सगळीकडे 255. मुलगी त्याच्या मांडीवर बसून पडद्याकडे बोट दाखवत होती. तो बराच वेळ पाहत राहिला आणि मग म्हणाला, "राहू द्या. हिचे मात्र रॉमध्ये ठेवा."