बनेश्वरला जाऊन येऊ

फेब्रुवारीतला शनिवार होता. मावशी आठ दिवसांसाठी कराडहून आमच्याकडे पुण्याला आली होती आणि सोमवारच्या एसटीनं परत जाणार होती. जायच्या आधी तिला आणि आईला नसरापूरच्या बनेश्वरला नेऊन आणायचं एवढंच ठरलं होतं. पस्तीस-छत्तीस किलोमीटर, जेवायला घरी. मी डाळ भिजत घालून निघाले होते. आईकडे तिची पर्स आणि मावशीकडे नारळ-फुलांची पिशवी, एवढंच सामान.

बनेश्वरचं देऊळ मला फार आवडतं. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलेलं, गर्द झाडीत, आत शिरलं की ऊन एकदम कमी होतं. तिथल्या घंटेवर क्रूस आहे आणि १६८३ हे साल. माझी चौदा वर्षांची लेक त्या घंटेखाली मान वर करून उभीच राहिली. देवळात चर्चची घंटा कशी? मग नवऱ्यानं तिला वसईची मोहीम सांगितली. चिमाजी अप्पा, १७३९, पोर्तुगिजांचा पराभव, तिथून आणलेल्या घंटा. आई शेजारी प्रदक्षिणा घालत होती. न थांबताच म्हणाली, "आमच्या मेणवलीतही आहे अशी."

"मग बघायची," लेक म्हणाली.

चेलाडी फाट्यावर पुण्याला जायला डावीकडे वळायचं असतं. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मी डाळीचा विचार केला आणि आम्ही उजवीकडे साताऱ्याच्या दिशेला लागलो.

आई मेणवलीशेजारच्या वाईची. तिथल्या गंगापुरी आळीतली. १९७५ साली लग्न होऊन पुण्याला आली. आजोबा गेले, घर विकलं गेलं, मामा मुंबईला गेले, मग वाईला जायचं कारणच उरलं नाही. आम्ही दोनदा महाबळेश्वरला गेलो, दोन्ही वेळा वाईतून गेलो. बुकिंग झालेलं, दुपारी दोनला खोली मिळणार, संध्याकाळी सूर्यास्ताचा पॉइंट. आई मागच्या सीटवर खिडकीला नाक लावून बसलेली मला आठवते. "थांब" म्हणाली नाही. मीही विचारलं नाही, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

खंबाटकी चढून सुरूर फाट्याला वळलो तशा मागे दोघी बहिणी एकदम बोलायला लागल्या. कोणाचा मळा कुठला, हळदीच्या गाड्या कुठून यायच्या. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा पाहिला, मागच्या घाटाच्या पायऱ्या उतरलो आणि लेकीनं घंटा मनसोक्त पाहिली. मग वाईत ढोल्या गणपती. हे देऊळ सरदार रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, पुराचं पाणी तिच्यावर आपटून दोन बाजूंना फुटावं म्हणून. मावशी बत्तीस वर्षं शाळेत शिकवत होती. तिनं नातीला त्या भिंतीवरून हात फिरवायला लावला आणि पूर कसा यायचा ते सांगितलं. आई मात्र घाटावर उत्सवाचा मांडव कुठे पडायचा ते शोधत होती. वाईत कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव घाटाघाटावर होतो, ज्या आळीचा घाट तिचा वेगळा उत्सव, वेगळा मान. गंगापुरीचा उत्सव सांगताना आईचा आवाज चढला होता.

चहा घेता घेता तिनं पसरणीच्या घाटाकडे बोट केलं.

"रात्री जेवणं झाली की आम्ही दोघी माडीच्या खिडकीत बसायचो. घाटातले दिवे मोजायला. एखादी ट्रक, एखादी मुंबईकरांची मोटार. वळणावर दिवा दिसेनासा झाला की पुढच्या वळणावर कधी निघतो ते बघायचं."

"चार-पाच म्हणजे डोक्यावरून पाणी," मावशी म्हणाली. "मे महिन्यात आठ."

"आणि ती मोटार वर कुठे जायची?" लेकीनं विचारलं.

"वर," आई म्हणाली.

नवरा चहाचे पैसे देऊन आला. त्यानं ते ऐकलं होतं. "आई, आता जाऊन बघू या का? काही घाई नाही."

पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव. ते मागे टाकलं की रस्ता चढायला लागतो. लेकीला गाडी लागते, तिच्या तोंडात आवळासुपारी होती, खिडकी उघडी होती. चौथ्या की पाचव्या वळणावर आई म्हणाली, "थांब."

गाडी कडेला घेतली. खाली वाई होती. नदीचा वाक, देवळांची शिखरं, पलीकडे शेतांचे हिरवे-पिवळे तुकडे. आईनं कठड्याला धरून बराच वेळ गंगापुरी शोधली. मावशी म्हणायची ती, आई म्हणायची ती नव्हे, ती. जिथं पन्नास-साठ वर्षांपूर्वी दोन मुली खिडकीत बसून वर बघत होत्या, तिथं आता त्या दोघी वरून बघत होत्या. आम्ही तिघं गप्प उभे होतो. तिथं तासभर तरी गेला असेल. माझ्या आयुष्यात मी कुठल्याही पॉइंटवर इतका वेळ थांबलेले नाही.

पाचगणीला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. ब्रिटिशांच्या वेळी जॉन चेसननं तिथं परदेशी झाडं लावली, त्यातले सिल्व्हर ओक अजून रस्त्यावर सावली धरून आहेत. टेबललँडच्या जांभ्या दगडाच्या पठारावर वाऱ्यानं दोघींचे पदर उडत होते. परत निघायला हवं होतं, पण रात्री घाट उतरून पुण्याला जायचं कोणाच्याच मनात नव्हतं. आईच्या बीपीच्या गोळ्या पर्समध्ये असतातच, चार दिवसांच्या. मावशीच्या साखरेच्या नव्हत्या. तिच्या मुलानं कराडहून चिठ्ठीचा फोटो पाठवला आणि गोळ्या पाचगणीत मिळाल्या. बाजारातून तीन गाऊन, पाच ब्रश आणि एक शाल घेतली. शनिवारमुळे हॉटेलं भरलेली. चहावाल्याच्या ओळखीनं भिलारमध्ये एका घरी दोन खोल्या मिळाल्या.

भिलार म्हणजे पुस्तकांचं गाव. ४ मे २०१७ पासून तिथल्या घराघरांत पुस्तकं ठेवली आहेत, एका घरात एका प्रकारची, कोणीही जावं आणि बसून वाचावं. आमच्या घरात चरित्रं आणि आत्मचरित्रं होती. मावशी हात धुऊन सरळ कपाटापाशी गेली. पिठलं, भाकरी, मिरचीचा ठेचा असं जेवण झालं, थंडी चांगलीच पडली होती, आणि रात्री एक वाजता मी पाणी प्यायला उठले तर ती नवी शाल गुंडाळून ओसरीतल्या दिव्याखाली वाचत होती. "ताईला सांगू नकोस," म्हणाली. तिच्याकडे पाहून मला माझी आठवीतली सुट्टी आठवली.

सकाळी उजाडायच्या आत घरमालक स्ट्रॉबेरीच्या शेतावर निघाले, लेक त्यांच्यामागे. गादीवाफ्यांवर प्लॅस्टिकचा कागद, त्याला भोकं, भोकातून रोप, आणि पानांखाली लपलेली फळं. सप्टेंबर-ऑक्टोबरात रोपं लावायची आणि मार्च-एप्रिलपर्यंत तोडत राहायचं. ऊन चढलं की फळ मऊ पडतं, म्हणून तोडणी पहाटेची. देठ ठेवून खुडायचं, चिमटीत दाबायचं नाही. लेक ओंजळभर घेऊन आली. पुण्यात डब्यात मिळणाऱ्या स्ट्रॉबेरीची आणि त्या दवातल्या फळाची चव एक नव्हे. इथल्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते का मिळालं हे त्या ओंजळीनं कळलं.

घरमालकीणबाईंनी विचारलं, आज काय काय बघणार? आई पटकन म्हणाली, "क्षेत्र महाबळेश्वर." मुंबईचा गव्हर्नर माल्कम साहेबानं १८२८ च्या सुमारास वसवलेलं बाजाराचं महाबळेश्वर वेगळं. क्षेत्र त्याच्या कितीतरी आधीचं, तिथून पाचेक किलोमीटरवर. मग आईनं जे सांगितलं ते मी पहिल्यांदा ऐकत होते. ती शाळेत असताना कन्यागत आलं, म्हणजे गुरू कन्या राशीत आला की बारा वर्षांनी येणारं पर्व. आजोबा मामांना घेऊन एसटीनं क्षेत्राला गेले. मुलींना म्हणाले, पुढच्या वेळी. पुढच्या वेळेपर्यंत दोघींची लग्नं झाली होती.

पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचं पाणी एका गोमुखातून पडतं. भागीरथी बारा वर्षांनी आणि सरस्वती साठ वर्षांनी येते असं मानतात. तिथं दर्शन घेतलं, पण गर्दी होती. थोडं पुढे कृष्णाबाईचं जुनं दगडी देऊळ आहे, शेवाळलेलं, तिथं आमच्याशिवाय दोनच माणसं. गोमुखातून बारीक धार पडते, खाली कुंड, आणि समोर कृष्णेचं अख्खं खोरं उघडं.

आई कुंडाच्या पायरीवर बसली. धारेखाली हात धरला.

"एवढीशी," म्हणाली.

हीच पुढे धोमच्या धरणात थांबते, वाईच्या घाटांवरून जाते, साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णेला घेते, आणि आंध्रात समुद्राला मिळेपर्यंत चौदाशे किलोमीटर चालते. पश्चिमेचा समुद्र इथून हाकेच्या अंतरावर, पण तिकडे उतरते ती एकटी सावित्री.

"तुझ्याकडे वाईला एकटी येते," मावशी म्हणाली. "माझ्याकडे कराडला कोयनेला घेऊन येते."

आईनं मान हलवली. एक लहान आणि एक मोठी अशा दोन पाण्याच्या बाटल्या गाडीत होत्या. आईनं दोन्ही भरल्या आणि मोठी मावशीला दिली.

नवऱ्यानं तिथूनच ठरवून टाकलं की मावशीला कराडला सोडायचं. आम्ही एकही पॉइंट पाहिला नाही. केळघर घाटानं मेढ्याला उतरलो, वेण्णेच्या कडेकडेनं साताऱ्याला आलो, जेवलो आणि पाचच्या सुमारास प्रीतिसंगमावर होतो. कृष्णा आणि कोयना तिथं समोरासमोर येऊन भेटतात आणि मग दोघी मिळून पूर्वेला वळतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथंच आहे. मावशी रोज संध्याकाळी त्या बागेत फिरायला जाते. त्या दिवशी मात्र ती बराच वेळ पाण्याच्या अगदी जवळ, आईचा हात धरून उभी होती.

तिची बॅग आमच्याकडेच राहिली. पिशवीतल्या गाऊन आणि शालीनिशी ती घरी गेली, बाटली देवघरात ठेवली, आम्हाला गरम भात-आमटी वाढली. निघायला साडेआठ झाले.

पाचवडच्या फाट्याला दहा वाजत आले होते. लेक झोपली होती. डावीकडे वाई असा बाण दिसला आणि मागून आई म्हणाली, "जरा वळशील? पुलापर्यंतच."

नवऱ्यानं काही न विचारता वळवली. रविवारची रात्र, महाबळेश्वरहून परतणारी सगळी गर्दी पसरणीच्या घाटात होती. पुलाजवळून डोंगरावर वरपासून खालपर्यंत दिव्यांची एकच सलग रेघ दिसत होती, हळूहळू सरकणारी. आई गाडीतून उतरली. शाल नव्हती, माझी ओढणी खांद्यावर घेतली. बोटानं मोजायला सुरुवात केली, चाळिसाच्या पुढे गेली, चुकली, परत सुरू केली.

मग तिनं फोन लावला. "झोपलीस? अगं, मी वाईत आहे. पुलावर." पलीकडून मावशी काहीतरी बोलली. आई हसली आणि घाटाकडे बघत म्हणाली, "नाही ना गं. मोजूनच होत नाहीयेत."