सदाशिवगडची जुनी होडी घ्यावी की न घ्यावी

कारवारजवळच्या सदाशिवगडच्या पायथ्याशी, काळी नदी समुद्राला मिळते त्याच्या थोडे अलीकडे, माझ्या आईच्या चुलतभावाची मासेमारीची लाकडी होडी काठावर ओढून ठेवलेली आहे. मामांना आता वयामुळे समुद्रात जाणे झेपत नाही आणि त्यांच्या मुलाने फायबरची होडी घेतली आहे. खानापुरात आमची लाकडाची वखार असल्यामुळे, "तू घेतोस का बघ, नाहीतर सरपणाला जाईल," असे त्यांनी मला सरळ विचारले. सरपण हा शब्द ऐकून वाईट वाटले, परंतु केवळ वाईट वाटले म्हणून होडी घेऊ नये, एवढे भान ठेवून मी या गोष्टीचा विचार करीत आहे.

मामांनी मागितलेली किंमत फार नाही, म्हणून किमतीचा विचार मी शेवटी ठेवला. इंजिनाचाही प्रश्न मोठा नाही, कारण बाहेरून बसवायचे इंजिन नवे मिळते. खरा प्रश्न लाकडाचा आहे. वरच्या फळ्या, बसायच्या आडव्या पाट्या, काठाची पट्टी ही सर्व बदलता येतात. मात्र पठाण, म्हणजे तळाचा लांब कणा, आणि त्याला जोडलेली नाळ, म्हणजे होडीचा पुढचा भाग, कुजलेली असेल, तर दुरुस्तीच्या नावाखाली नवी होडीच बांधावी लागते. म्हणून मी आरी घेऊन पठाणालगतच्या फळ्या टोचून पाहिल्या. चांगल्या लाकडात आरीचे टोक अडते, कुजलेल्यात ते सहज आत जाते. पठाण बहुतेक ठिकाणी घट्ट लागला. मागच्या बाजूस, जिथे पावसाचे पाणी साचून राहत होते, तिथे मात्र हातभर लांबीचा भाग मऊ झाला आहे, आणि लोखंडी खिळ्यांभोवती लाकूड काळे पडले आहे. गंजलेला खिळा फुगतो व भोवतालचे लाकूड खाऊ लागतो, त्यामुळे तिथे नुसता नवा खिळा ठोकून भागत नाही. खराब झालेला भाग काढून नवे लाकूड बसवावे लागते व खिळे तांब्याचे वापरावे लागतात. दुरुस्तीत सर्वांत जास्त पैसा इथेच जाईल, असा माझा अंदाज आहे.

बेळगावातील मित्रांनी सुचविले की होडी ट्रकवर घालून हिडकल धरणावर आणावी, म्हणजे रविवारी सर्वांना उपयोग होईल. त्यांचा उत्साह मला समजतो, तरीही हा बेत होडीच्या जिवावर उठेल, असे माझे ठाम मत आहे. खारे पाणी लाकडाला कुजविणाऱ्या बुरशीला आवर घालते. गोडे पाणी, विशेषतः आत साचलेले पावसाचे पाणी, तिला पोसते. शिवाय घाटावरच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत फळ्या आक्रसतात आणि सांधे उघडतात. उन्हाळ्यात धरणाचे पाणी काठापासून दूर जाते, तेव्हा होडी उन्हात पडून राहणार, हे उघड आहे. अशा सुकलेल्या होडीच्या फटींत, पाणी आत येऊ नये म्हणून, कापूस घट्ट कोंबला, तर पाण्यात गेल्यावर फुगणाऱ्या फळ्यांना जागाच उरत नाही आणि त्या खिळे ओढून काढतात.

खाऱ्या पाण्यातही शत्रू आहेच. लाकूड पोखरणारा टेरेडो हा प्राणी दिसतो अळीसारखा, पण तो शिंपल्यांच्या कुळातला आहे, आणि बाहेरून बारीक छिद्र ठेवून आतले लाकूड पोकळ करतो. मात्र गोड्या पाण्यात तो तग धरीत नाही. काळी नदीचे मुख या दृष्टीने मला सोयीचे वाटते: एरवी खारे पाणी, तर पावसाळ्यात घाटावरून येणारा गोड्या पाण्याचा लोंढा. ओहोटीला होडी वाळूवर टेकवून तळ साफ करता येतो, तो लाभ धरणावर कुठून मिळणार? माझ्या दृष्टीने होडीची जागा तिथेच आहे.

लाकूड मात्र घाटावरून नेता येईल. ऐन आणि रानफणस या दोन्ही झाडांचे लाकूड पाण्यात टिकते, आणि आमच्या भागात दोन्हींची ओळख आहे. चंदगडचे एक परिचित शेतकरी रानफणसाचे चांगले खोड देण्यास तयार आहेत. परंतु चंदगड महाराष्ट्रात आणि खानापूर कर्नाटकात, त्यामुळे लागून असलेल्या रानातले लाकूड दोन राज्यांच्या वन खात्यांच्या नियमांतून आणावे लागेल. एका होडीपुरत्या लाकडासाठी एवढे करण्यापेक्षा, कागदपत्रे असलेले लाकूड खानापूर तालुक्यातच घ्यावे, हे मला पटले. बुडाला चोळायला काजूच्या टरफलांचे तेल तर आपल्याकडच्या काजू कारखान्यांतून सहज मिळते.

राहता राहिली नोंदणी. कर्नाटकाचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1986 सालचा आहे, आणि मासेमारी करावयाची तर होडीची नोंदणी व परवाना लागतो. मी मच्छीमार नाही. म्हणून परवाना मामांच्या मुलाच्या नावे असावा, त्याने नदीच्या मुखाजवळ जाळे टाकण्यासाठी ती वापरावी, आणि लाकडाचा व मिस्त्रींचा खर्च मी करावा, असे मी मामांना कळविले आहे. न वापरता काठावर ठेवलेली होडी दुरुस्तीनंतरही पुन्हा कुजेल, म्हणून ही अट मी सोडणार नाही. मुलगा तयार झाला, आणि मिस्त्रींनी मागचा मऊ भाग कापून पाहिल्यावर उरलेला पठाण निरोगी निघाला, तर होडी मी घेणार. या दोहोंपैकी एक जरी गोष्ट जुळली नाही, तर नाळेची चांगली लाकडे तेवढी वखारीत आणून जपून ठेवीन आणि बाकीचा निर्णय मामांवर सोडीन.