किकली, माहुली, अपशिंगे आणि मामीची मांडणी

आत्याच्या दहाव्याला माहुलीला पोचायचं होतं, दहाच्या आत. पुण्याहून पहाटे निघालो तर किकलीला तासभर थांबता येईल असा हिशोब केला. दादा म्हणाला, "दहाव्याला जाताना कुणी देवळं बघत जातं का?" पण गाडी माझी होती, त्यामुळे थांबलो.

खंबाटकी उतरून सुरूर मागे टाकलं की भुईंजच्या आसपास महामार्ग सोडून डावीकडे आत जायचं. समोर चंदन-वंदन किल्ल्यांची जोडी दिसत राहते. किकलीच्या भैरवनाथाचं देऊळ यादवांच्या काळचं मानतात. देऊळ सुरेख आहेच, पण माझा जीव अडकला तो आवारात ओळीनं लावलेल्या वीरगळांत. एका गावात इतके वीरगळ एकत्र मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत.

वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या माणसाचा दगड. तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो. त्याच्या वर लढाई, तिच्या वर त्याला दोन्ही बाजूंनी धरून नेणाऱ्या अप्सरा, आणि अगदी वर तोच वीर शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला. माथ्यावर कलश, बाजूला सूर्य-चंद्र. ते जोवर आहेत तोवर याचं नाव राहील, असा त्याचा अर्थ सांगतात. गंमत अशी की नाव मात्र सहसा कोरलेलं नसतं. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर एक अक्षरही सापडत नाही. ज्यांनी दगड उभा केला त्यांना नाव ठाऊकच होतं, मग कोरायचं कुणासाठी?

एका दगडापाशी मी उकिडवा बसलो. खालच्या चौकटीत गाई होत्या, एकीमागे एक, मुठीएवढ्या. शेवटच्या गाईनं मान मागे वळवलेली. म्हणजे हा राजासाठी लढणारा कुणी सरदार नव्हता. गावची गुरं वळवून नेणाऱ्यांच्या आडवा गेलेला गडी असणार. केसांचा बुचडा, डाव्या हातात ढाल. नाक झिजून सपाट झालेलं. कलशावर कुणीतरी त्याच सकाळी तेल घातलं होतं आणि ते ओघळून अप्सरांपर्यंत आलं होतं.

देवळात आलेल्या एका म्हाताऱ्यांना विचारलं, हे दगड कुठल्या घराण्यांचे?

"कुणाचंच न्हाईत आता," ते म्हणाले. "म्हणून समद्यांचं."

सतीशिळा असते तिच्यावर बऱ्याचदा फक्त एक हात असतो. कोपरात वाकलेला, पंजा वर, मनगटात चुडा. पुरुषाला तीन-चार चौकटींची गोष्ट आणि बाईला एक हात. दादानं गाडीचा हॉर्न वाजवला म्हणून उठलो, नाहीतर माहुली राहिलीच असती.

माहुलीत कृष्णेला वेण्णा मिळते. साताऱ्यापासून पाचेक किलोमीटर. एका काठाला क्षेत्र माहुली, दुसऱ्या काठाला संगम माहुली. साताऱ्याची माणसं शेवटी इथंच येतात. घाटावर त्या दिवशी आमच्याशिवाय आणखी दोन घरांचे दहावे चालू होते. एकीकडे न्हावी, एकीकडे गुरुजी, पिंड मांडलेले, आणि सगळी पुरुषमाणसं मान वर करून झाडांकडे बघत उभी. कावळा शिवेना. धाकटे काका पुढं झाले आणि म्हणाले, "अक्के, पोरीच्या लग्नाचं आम्ही बघतो." तरी नाही. मग कुणीतरी मागून म्हणालं, "आणि म्हशीचंबी." लगेच शिवला. दहाव्याला हसू नये म्हणतात, पण घाट हसला.

बाकीचे चहाला गेल्यावर मी समाध्यांकडे वळलो. छत्रपती शाहू महाराज १७४९ च्या डिसेंबरात गेले. त्यांना अग्नी इथंच दिला आणि सकवारबाई राणीसाहेब सती गेल्या त्याही इथंच. त्यांनी जावं म्हणून दरबारातून कसं दडपण आलं हे इतिहासात लिहिलेलं आहे; सतीशिळेवरचा तो हात बघून आल्यावर ते आणखी टोचतं. महाराणी ताराबाई १७६१ मध्ये वारल्या. औरंगजेबाशी सात वर्षं झुंजलेल्या या बाईची समाधी इथल्या नदीकाठीच, पण वर्षानुवर्षं पुराच्या गाळात आणि वाळूत दबलेली. येसूबाईंची समाधी नेमकी कोणती, याचीही खात्री व्हायला फार काळ गेला. कुत्र्याची समाधी मात्र कुणीही पोरगं बोट करून दाखवतं. शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्याची ती. त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं, अशी कथा आहे. खंड्याबद्दल माझी काही तक्रार नाही, चांगला कुत्रा असणार. पण राजघराण्यातल्या बायकांची ही गत, तर आमच्या आत्यासारखीचं काय व्हायचं, हा विचार डोक्यात बसला तो बसलाच.

रात्री साताऱ्यात मुक्काम केला. मुक्कामाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, डास होते.

दुसऱ्या दिवशी अपशिंग्याला गेलो. साताऱ्याच्या दक्षिणेला, महामार्गापासून आत. गावाच्या नावातच मिलिटरी आहे: अपशिंगे (मिलिटरी). एसटीच्या पाटीवरही तसंच. घरटी एक तरी माणूस फौजेत, ही इथली जुनी रीत. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले. चाळीस-पन्नास उंबऱ्यांना एकाच लढाईच्या काळात तार आली असेल, हे पारावर बसून मनात आणून बघा.

त्या युद्धानंतर इंग्रज सरकारनं हिंदुस्थानात गावोगाव दगडी पाट्या बसवल्या. मजकूर एकसारखा: या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. गेले किती आणि मेले किती, बस्स. मराठा पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होत्या. १०३, ११० आणि ११७ नंबरच्या पलटणी कुतच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला, अन्न संपल्यावर, शरण गेल्या. पुढे बसऱ्याला मोठं स्मारक झालं, तिथंही हाच न्याय. गोऱ्या शिपायांची नावं कोरली. आपल्यातल्या अधिकाऱ्यांची नावं आणि साध्या शिपायांचा पलटणवार आकडा. आपल्या किकलीच्या पाथरवटानं नाव नाही तरी निदान त्या गड्याचा बुचडा कोरला, ढाल कोरली, गाई कोरल्या. सरकारी दगडात तेवढीही ओळख नाही.

पारावर एक निवृत्त सुभेदार भेटले. मिशा पिळदार, पायात चप्पल, हातात दुधाची किटली. मी आकड्याचं बोललो तसे ते म्हणाले, "नावं हुती की. बिल्ल्याच्या कडंला."

त्या काळच्या पदकांच्या काठावर खरंच शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असायची. चांदीचं पदक, कड जेमतेम बोटाच्या नखाएवढी, त्यावर बारीक इंग्रजी अक्षरं. घरातल्या कुणाला वाचता येत नसत.

"मग कुठं गेली ती पदकं?"

"चांदी हुती, साहेब. दुष्काळात मोडली. काही पोरींच्या पैंजणात गेली." किटली या हातातून त्या हातात घेत त्यांनी पुढे जोडलं, "वाईट न्हाई वाटून घ्यायचं. आज्ज्याचा बिल्ला नातीच्या पायात वाजला."

तिथून मामाच्या गावाला, खटाव तालुक्यात. कोरेगाव, पुसेगाव करत वडूजला पोचलो. वडूजला हुतात्मा स्मारकाशी थांबलो. ९ सप्टेंबर १९४२ ला इथल्या कचेरीवर तिरंगा लावायला मोर्चा आला आणि पोलिसांनी गोळीबार केला. वडगावचे परशुराम घार्गे आणि त्यांच्याबरोबर पडलेल्यांची नावं त्या दिवशीचे हुतात्मे म्हणून तालुक्यात आजही घेतली जातात. इथं नावाला किंमत आहे, आणि गावालाही: कोण कुठला, हे इथं नावाइतकंच महत्त्वाचं.

समोरच्या चौकात फ्लेक्सची रांग. वाढदिवसांच्या मध्ये दोन भावपूर्ण श्रद्धांजलीचे. एकावरच्या आजोबांचा फोटो कुठल्याशा लग्नातला असावा, कारण डोक्याला फेटा होता आणि खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात. फोटो कापताना बाकी माणूस गेला, हात राहिला. खाली शोकाकुल म्हणून अठरा-वीस चेहरे, सगळे मयतापेक्षा ठळक. अशा फ्लेक्सची आपण टिंगल करतो. मला आता तेवढी करवत नाही. पावसापर्यंत का होईना, बाजाराला आलेल्या अख्ख्या तालुक्याला कळतं की अमक्या वस्तीवरचा अमका गेला.

मामाच्या दारात पिकअप उभी होती आणि ओसरीवर हेळवी बसले होते. हा योग मी ठरवून आणला असता तरी आला नसता.

हेळवी ज्यांना ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी: हे बेळगावकडचे लोक. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या घराण्यांच्या वंशावळी यांच्या वह्यांत असतात. कुठल्या हेळव्याचं कुठलं गाव आणि कुठली घरं, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. पूर्वी बैलावर बसून यायचे, आता गाडी असते. काही वर्षांनी एकदा यायचं, घराण्याची नावं म्हणून दाखवायची, मधल्या काळातले जन्म-मृत्यू लिहून घ्यायचे आणि धान्य, भांडं, जनावर, पैसे, जे ठरेल ते घेऊन पुढं जायचं.

यांनी वही उघडली. लाल कापडात बांधलेली, पानांच्या कडा तंबाखूच्या रंगाच्या. वाचत नव्हते, म्हणत होते; वही नुसती समोर. मूळ गाव कोणतं, तिथून का उठले, कुठल्या ओढ्याकाठी पहिलं बिऱ्हाड टाकलं, कुलदैवत, देवक, आणि मग नावं. एका दमात पाच-सहा पिढ्या. दर दोन पिढ्यांनी तेच नाव परत यायचं, कारण आज्याचं नाव नातवाला. तिसऱ्यांदा तेच नाव आलं तेव्हा मामा, सत्तरीतला माणूस, एकदम सावरून बसला. त्याचं स्वतःचं नाव होतं ते.

"एक भाऊ पटकीत गेला, निर्वंश," हेळवी म्हणाले आणि फांदी तिथंच तोडून पुढच्या भावाकडे वळले. असा कुणी भाऊ होता हे घरात आजवर कुणालाच माहीत नव्हतं. मामानं विचारलं, "लग्न झालं होतं का त्याचं?" हेळव्यांनी पान उलटलं. "ते न्हाई लिवलं."

मामी आतून ऐकत होती. ती बाहेर आली ती हातात पितळी घागर घेऊन. "ह्यांच्या वहीत बाप्येच बाप्ये. बायका कुठं हायेत ते मी दावते, ये आत."

मांडणी फळीपासून तुळईपर्यंत भरलेली. मामी एकेक भांडं उतरवायची, पदरानं काठ पुसायची आणि माझ्यापुढं धरायची. ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली अक्षरं, जत्रेतल्या नाव घालणाऱ्याच्या हातची. कुठं वेलांटी गळलेली, कुठं आडनाव मावलं नाही म्हणून काठाच्या खाली उतरलेलं. घागरीवर मामाच्या आजीचं माहेरचं नाव, बापाच्या नावासकट, गावासकट. "लग्नात आणलेली," मामी म्हणाली, "म्हणून माहेरचं. सासरला आल्यावर नाव बदललं, पन घागरीवरचं कोण पुसतंय?" एका परातीवर मामाच्या आईला भावानं दिलेली सप्रेम भेट, साल १९५२. चेपलेल्या तांब्यावर एका आत्येआजीचं नाव होतं. ती बाळंतपणात गेली आणि तिचं सामान सासरच्यांनी परत पाठवलं, त्यातला तो तांब्या. कुणी फोटो काढण्याआधीच गेलेली बाई. तिचं नाव जगात फक्त त्या तांब्यावर आहे, आणि त्यातनं रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं जातं.

मी एकेका काठाचा मोबाइलवर फोटो घेत सुटलो. मामी म्हणाली, "स्टीलच्याचं बी घे. ही तुझ्या आईची वाटी, हितं विसरलीया."

बाहेर येऊन मामीनं हेळव्यांना गाठलं. "आमच्या दोन नाती लिवा. आन् ह्या भांड्यावरच्या बायकाबी लिवून घ्या, मी सांगती."

हेळवी समजुतीनं म्हणाले, "अक्का, लेकीचं नाव मी लिवलं तर तिच्या सासरच्या हेळव्यानं काय करायचं? लग्न झाल्यावर ती त्याच्या वहीत जाती."

"तिथं तरी लिवत्यात का? का त्यो म्हणतो माहेरच्याकडं असंल?"

हेळव्यांनी उत्तर दिलं नाही. पेनाचं टोपण काढलं, मागचं कोरं पान उघडलं आणि विचारलं, "किती नावं हायेत?"

"मांडणीवरची सतरा. माळ्यावर हंडा हाय, त्याचं बघून सांगती."

"मग ज्वारी एक पोतं न्हाई, दोन लागतील."

"दीड," मामी म्हणाली, आणि मला शिडी आणायला पाठवलं.