अर्ध्या वाट्याचा हिशेब

सप्टेंबर 2025 चा पहिला आठवडा. गणपतीची चवथ नुकतीच सरलेली, आयकर रिटर्नची मुदत 15 तारखेपर्यंत वाढलेली, आणि फोंड्यातल्या आमच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. कर सल्लागाराचं काम मी बरीच वर्षं करतो. या गर्दीत बहुतेक कागद हाताखालून जातात आणि विसरले जातात. हे जोडपं मात्र लक्षात राहिलं.

नवरा कुंडईच्या एका कारखान्यात सुपरवायझर. बायको डिचोलीची. घरामागच्या कुळागरातल्या कोकमांची सोलं, आगळ, तोरांचं म्हणजे कैऱ्यांचं लोणचं, चवथीला नेवऱ्या म्हणजे करंज्या, असं सगळं ती वर्षभरापासून इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅपवर विकत होती. गिऱ्हाईक पणजी, मडगाव, वास्कोचं. पैसे फोनवरून थेट खात्यात. आता तिला पापडाच्या मशीनसाठी कर्ज हवं होतं आणि बँकेने रिटर्न मागितलं होतं. शेजारणींनी सांगितलेलं, ‘चार बरण्या विकतेस, कसला टॅक्स?’ आणि दिराने सांगितलेलं, ‘खात्यात सात लाख आलेत, आता नोटीस येणार.’ या दोन्हींमध्ये सापडून ती आठवडाभर नीट झोपली नव्हती.

खात्यात वर्षभरात 7 लाख 12 हजार जमा होते. मी स्टेटमेंट छापून टेबलावर पसरलं आणि तिच्या हातात हिरवं पेन दिलं. विक्रीच्या ओळींवर खूण करायची, एवढंच. गिऱ्हाइकांनी पैसे पाठवताना लिहिलेले शेरे वाचत ती एकेक ओळ ओळखत गेली. ‘सोलं अर्धा किलो’, ‘लोणचं 2’, ‘ताई मस्त’. एका ओळीवर थांबली. ‘ही बाई दर महिन्याला घेते, पण शेरा कधीच लिहीत नाही.’ तिने जवळची वही उघडली. शाळेची दोनशे पानी वही, तारीख, नाव, माल, पैसे, सगळं निळ्या शाईत. ओळ तिथे सापडली. ती वही बघून मला किती बरं वाटलं काय सांगू. मोठमोठे दुकानदार माझ्याकडे एवढी नीट नोंद घेऊन येत नाहीत.

विक्री निघाली 4 लाख 80 हजार. उरलेले 2 लाख 32 हजार तिचं उत्पन्न नव्हतंच. नवऱ्याने दर महिन्याला घरखर्चाला पाठवलेले, भिशीचे स्वतःचेच परत आलेले, भावाने पाठवलेले 30 हजार, आणि जुनं कपाट व फ्रीज ऑनलाइन विकून आलेले 22 हजार. भावाकडून मिळालेल्या भेटीवर कर नाही. घरात वापरलेलं कपाट, फ्रीज, कपडे या वैयक्तिक वापराच्या वस्तू, त्या विकून आलेल्या पैशांवरही कर लागत नाही. ‘मग जुन्या पाटल्या विकल्या तर?’ तिने लगेच विचारलं. दागिन्यांना ती सूट नाही. चित्रं, मूर्ती, कलावस्तू यांनाही नाही. तिथे भांडवली नफा धरावा लागतो.

नवऱ्याला कामावर कुणीतरी सांगितलं होतं, की ऑनलाइन पैसे आले की सहा टक्के दाखवायचे आणि मोकळं व्हायचं. तेव्हाच्या 1961 च्या आयकर कायद्यात, कलम 44एडी मध्ये, ती सोय होती हे खरं. बँकेतून आलेल्या विक्रीच्या किमान 6 टक्के नफा धरायचा, रोखीच्या 8 टक्के. त्या हिशेबाने 28,800 रुपये. पण ती किमान मर्यादा आहे. वहीत कोकमं, तेल, बरण्या, गॅस, मदतनिसाची मजुरी असा 3 लाख 40 हजारांचा खर्च स्वच्छ लिहिलेला, म्हणजे हातात उरले 1 लाख 40 हजार. मी म्हटलं, वहिनी, उरले तेवढे दाखवा. कमावलेलं कमी करून सांगायचं आणि त्याच कागदावर कर्ज मागायचं, हे मला पटत नाही. तिला तर त्याचा अभिमानच वाटला. ‘दाखवा. माझेच आहेत.’

आणि इथेच मला तिला सांगावं लागलं, की गोव्याच्या कायद्याने ते सगळे तिच्या एकटीचे धरले जात नाहीत.

गोव्यात 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा कुटुंबाच्या बाबतीत अजून चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. म्हणून 1961 च्या त्या आयकर कायद्यात कलम 5ए होतं. पगार सोडून बाकीचं उत्पन्न, धंद्याचं, व्याजाचं, भाड्याचं, दोघांत निम्मं निम्मं वाटून दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवायचं. पगार मात्र ज्याचा त्याचा. ‘लग्नाच्या नोंदणीच्या आधी करार केला होता का?’ मी विचारलं. दोघांनीही मान हलवली, नाही.

‘म्हणजे पहाटे चारला उठून सोलं मी वाळवते, आणि 70 हजार ह्यांचे?’ तिचा आवाज चढला. नवरा गप्प. मी तिथे थांबलो नाही, कारण अर्धंच सांगून झालं होतं. नवऱ्याच्या नावावर बँकेत ठेवी होत्या, वर्षाचं व्याज 60 हजार, त्यावर बँकेने 6 हजार टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापलेला. त्यातलं 30 हजार व्याज तिचं. टीडीएसचे 3 हजारही तिचे.

‘ह्यांच्या ठेवी आहेत?’ ती नवऱ्याकडे वळली.

लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि त्या ठेवींचा आकडा तिला पहिल्यांदा माझ्या टेबलावर कळला. त्याने काही लपवलं होतं असं मला वाटत नाही. कुणी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. पण आपल्या घरांत हे असं चालतं आणि मला ते फार लागतं. बायकोचं नाव रेशनकार्डावर असतं, पैशांच्या कागदांवर नसतं.

मग हिशेब मांडला. तिचं उत्पन्न 70 हजार अधिक 30 हजार, म्हणजे 1 लाख. कर शून्य आणि 3 हजारांचा परतावा. त्याचा पगार प्रमाणित वजावटीनंतर 7 लाख 85 हजार, त्यात त्याचे दोन्ही वाटे मिळवून 8 लाख 85 हजार. एरवी व्याजाचे 60 हजारच धरले असते, त्यापेक्षा 40 हजार जास्त, म्हणजे उपकरासह 4,160 रुपये जादा कर. इतकी वर्षं तो ‘सहज’ हा साधा फॉर्म भरत आला होता. 5ए लागू असलं की सहज आणि छोट्या धंद्यांचा ‘सुगम’, दोन्ही चालत नव्हते. तिचा आयटीआर-3 फॉर्म, आणि दोघांच्या रिटर्नमध्ये एकमेकांच्या पॅनसह शेड्यूल 5ए, म्हणजे वाटणीचा तक्ता. एकाचं भरलं आणि दुसऱ्याचं राहिलं तर आकडे जुळत नाहीत, म्हणून मी अशी जोडपी एकत्रच बसवतो.

जादा कर ऐकून तो कुरकुरेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, ‘भरतो. तिचं रिटर्न बँकेत चांगलं दिसू दे.’

निघताना तिने मुंबईहून आलेल्या ऑर्डरींचं विचारलं. मी तिला रोखलं. गोव्यातल्या गोव्यात मालाच्या विक्रीला 40 लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, पण लोणच्यासारखा करपात्र माल राज्याबाहेर एक बरणी पाठवायची तरी आधी नोंदणी हवी. शिवाय एखाद्या मोठ्या विक्री-अॅपवर गेली आणि वर्षाची विक्री 5 लाखांवर गेली, तर तिथे 0.1 टक्का टीडीएस कापला जाईल, तो आपल्या रिटर्नशी पडताळून घ्यायचा. तिने हे सगळं वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतलं. धंद्यासाठी वेगळं खातं उघडायचं ठरलं. दोन्ही रिटर्न त्याच संध्याकाळी आधार ओटीपीने पडताळली. मुंबईच्या गिऱ्हाइकांना तिने माझ्यासमोरच कळवलं, नोंदणी होईपर्यंत थांबा.